तिएरादेंत्रोची भूमिगत थडगी: ती कशी खोदली, कशी वापरली आणि उघडल्यावर का बिघडतात

या थडग्यांबद्दल विचारला जाणारा प्रश्न तीन भागांचा आहे. अँडीज पर्वतात जमिनीखाली रंगवलेली थडगी करणारे लोक कोण, लोखंड हाताशी नसताना त्यांनी एवढी दालनं कशी खोदली, आणि आपल्याला तिथे जायचं झालं तर काय पाहायचं. तिन्हींची उत्तरं एका गोष्टीपाशी येऊन मिळतात, ती म्हणजे तिथला खडक. आधी तो समजून घेतला की बाकीचं सोपं जातं.

जागा कोलंबियाच्या नैर्ऋत्येला, काउका प्रांतात, मध्य कॉर्डिलेरा रांगेत आहे. गावाचं नाव सान आंद्रेस दे पिसिम्बाला, तालुक्याचं ठिकाण म्हणावं असं इन्सा, आणि सगळ्या परिसराला तिएरादेंत्रो म्हणतात. 1945 साली इथे पुरातत्त्व उद्यान घोषित झालं आणि 1995 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. त्याच वर्षी शेजारच्या उइला प्रांतातलं, दगडी मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेलं सान आगुस्तीनही यादीत आलं. थडग्यांचा काळ साधारण इसवी सनाचं सहावं ते दहावं शतक, म्हणजे आपल्याकडे वेरूळची लेणी खोदली जात होती तोच.

या लोकांना ‘नाहीशी झालेली संस्कृती’ म्हटलं जातं, पण ते शब्द जरा जपून वापरावेत. थडगी खोदण्याची प्रथा थांबली हे खरं. स्पॅनिश लोक 1530 च्या दशकात या भागात आले, तोवर ती थांबून काही शतकं लोटली होती. पण डोंगर ओस पडले नव्हते. आजही तिथे पाएस लोक राहतात, स्वतःला ते नासा म्हणवतात आणि नासा युवे ही स्वतंत्र कुळातली भाषा बोलतात. थडगी खोदणाऱ्यांचे हे थेट वंशज आहेत, असं छातीठोकपणे सांगण्याजोगा पुरावा नाही. मात्र त्यांच्या जमिनीत, त्यांच्या शेतांच्या कडेला ही दालनं आहेत. तेव्हा ‘जंगलात हरवलेली नगरी’ वगैरे वर्णन कुठे वाचलंत तर सोडून द्या. इथे नगरी नव्हती. डोंगरउतारावर सपाटी करून बांधलेली विखुरलेली घरं होती, शेती होती, आणि वरच्या धारांवर मृतांसाठी राखून ठेवलेल्या जागा होत्या.

आता खडक. जवळच नेवादो देल उइला हा 5,364 मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. या पट्ट्यातल्या उद्रेकांची राख थराथरांनी साचली, दाबली गेली आणि तिचा मऊ खडक झाला. भूशास्त्रात त्याला टफ म्हणतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी त्याची तुलना करू नका. बेसाल्टवर पोलादी छिन्नी आणि हातोडा घेऊन बसलं तरी दिवसभरात मूठभर काम होतं. टफ दगडी कुऱ्हाडीने खरवडता येतो, कोपरा नीट काढता येतो, आणि हवेला लागल्यावर त्याचा पृष्ठभाग काहीसा घट्ट होतो. पण हाच खडक सच्छिद्र आहे, पाणी शोषतो आणि ताण सहन करत नाही. खोदायला सोपा, टिकवायला अवघड. पुढचं सगळं यातून येतं.

जागेची निवड आधी पाहा. जवळपास सगळी थडगी टेकड्यांच्या माथ्यावर किंवा डोंगराच्या धारेवर आहेत. उंच जागेला धार्मिक अर्थ असेलच, पण खोदणाऱ्याच्या दृष्टीने तिचा रोकडा फायदा आहे: पाणी दोन्ही बाजूंना उतरून जातं, झिरपा कमी, भूजल खोल. उतारावर मध्येच दालन खोदलं तर वरच्या सगळ्या उताराचं पावसाळी पाणी त्यात उतरतं. माथ्यावर तसं होत नाही.

मग खोली. लहान थडगी अडीच मीटरवर आहेत, मोठी साधारण 5 ते 8 मीटर खाली. इतकं खाली जाण्याची गरज काय? वरचा थर हा झिजलेला, मातकट, मुळांनी पोखरलेला असतो. त्यात छत उभं राहत नाही. एकसंध टफ लागेपर्यंत खाली उतरावंच लागतं, आणि लागल्यावरही छतावर पुरेशी जाडी ठेवावी लागते. जी दालनं फार वर आहेत, त्यांच्या छतातून आज मुळं लोंबताना दिसतात आणि पडझडही तिथेच जास्त असते.

खोदण्याचा क्रम दालनाच्या आकारावरून वाचता येतो. आधी जिन्याचं विवर. काही ठिकाणी पायऱ्या सरळ उतरतात, काही ठिकाणी नागमोडी, आणि सगळ्यात सुंदर ते मळसूत्री वळणारे जिने. वळणदार जिना दिसायला छान म्हणून केला असेल, पण त्याने काम कमी होतं. 6 मीटर खोल उतरायला सरळ जिना खोदायचा तर जमिनीवर लांबच लांब चर पडते आणि तेवढा जास्त माल काढावा लागतो. वळवला की तेवढीच खोली लहान तोंडात मावते, तोंड बंद करणं सोपं जातं, आणि पाऊसही कमी आत येतो. पायऱ्या उंच आहेत, आपल्या गडावरच्या कातळपायऱ्यांची सवय असलेल्यालाही हात टेकत उतरावं लागतं. पायरी उंच ठेवली की संख्या कमी होते, हा साधा हिशेब.

जिन्याच्या तळाशी छोटी पडवी येते, बहुधा पश्चिमेला तोंड करून. तिथून बुटक्या दारातून मुख्य दालनात शिरायचं. हे दार मुद्दाम अरुंद आहे. दारावरचा खडक हा कमानीचा सगळ्यात दुबळा भाग असतो, भोक जितकं रुंद तितका तो खचण्याचा धोका.

दालन लंबगोल आहे आणि त्याला कारण आहे. चौकोनी खोलीचे कोपरे म्हणजे भेगा सुरू होण्याच्या जागा. लंबगोलात दाब भिंतीवरून फिरून वाटला जातो. छत लहान दालनांत सपाट किंवा किंचित घुमटाकार आहे, मोठ्यांत दोन उतारांचं, घराच्या छपरासारखं. सपाट छत खालच्या बाजूने ताणलं जातं आणि टफला ताण सोसत नाही, त्यामुळे रुंदी वाढली की मधोमध चीर पडते. म्हणून मोठ्या दालनांत, ज्यांची रुंदी 10 ते 12 मीटरपर्यंत जाते, खोदताना मध्ये दोन किंवा तीन खांब शिल्लक ठेवलेले आहेत. भिंतीला लागून अर्धे बाहेर आलेले भित्तिस्तंभ आहेत आणि दोन भित्तिस्तंभांच्या मध्ये कोनाडे, काही कोनाडे तर छोट्या खोल्यांएवढे. पाहणाऱ्याला ही सजावट वाटते. खोदणाऱ्याला ते टेकू आहेत. कोनाडा खोल घेता येतो तो शेजारचा भित्तिस्तंभ जाड ठेवला म्हणूनच.

इथे एक चूक झाली की दुरुस्त करता येत नाही. बांधकामात खांब बारीक पडला तर दुसरा घालता येतो. कोरीव कामात जे काढलं ते गेलं. खांब कुठे येणार, कोनाडे किती, छताचा कणा कुठल्या दिशेला, हे पहिला घाव घालण्याआधी ठरलेलं असावं लागतं. अंधारात, सात मीटर खाली, मशालीच्या किंवा तत्सम उजेडात हे सममितीने साधलं आहे. माझ्या मते रंगकामापेक्षा हे कौशल्य मोठं आहे, पण छायाचित्रात ते दिसत नाही म्हणून त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं.

किती माल निघाला असेल? मध्यम दालन धरू: 5 मीटर लांब, 3.5 मीटर रुंद, सरासरी उंची 1.6 मीटर. लंबगोल तळाचं क्षेत्रफळ साधारण 13.7 चौरस मीटर, म्हणजे दालनाचे 22 घनमीटर. जिन्याचे 7 ते 8 धरले तर एकूण 30. टफचं वजन घनमीटरला दीड टन धरलं तर 45 टन. एका खेपेला 20 किलोची पाटी धरली तर 2,250 खेपा, त्याही वळणदार जिन्याने वर. फोडलेला खडक फुगतो, त्यामुळे बाहेर पडलेला ढीग दीडपट, 45 घनमीटरच्या आसपास. खोदणाऱ्याचा वेग दिवसाला पाव घनमीटर धरा. जिन्यात एकच माणूस मावतो, तिथे महिना. दालन थोडं मोकळं झालं की दोघं काम करू शकतात, तिथे दीड महिना. गुळगुळीत करणं आणि रंगवणं वेगळं. म्हणजे एका मध्यम थडग्याला दोघं खोदणारे, तीन-चार जण माल वाहणारे आणि सुमारे तीन महिने. हा हिशेब माझा आहे आणि गृहीतकं बदलली की आकडे बदलतील, पण त्यातून एक गोष्ट कळते: यासाठी हजारो गुलाम आणि जुलमी राजा लागत नाही. एक मोठं कुटुंब किंवा वाडी, पेरणी-कापणीच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, हे करू शकते. 12 मीटरच्या दालनाला अर्थातच अनेक पट माणसं लागली असणार, आणि तेवढी माणसं जमवू शकणारी घराणी मोजकीच असतील.

भिंती खरवडून सारख्या केल्यावर त्यावर पांढरा लेप आणि त्यावर लाल व काळ्या रंगात नक्षी. लाल रंग लोहयुक्त मातीचा, आपल्या गेरूच्या जातीचा. नक्षी मुख्यतः भौमितिक: एकात एक शंकरपाळे, तिरप्या समांतर रेघा, त्रिकोणांच्या माळा. भित्तिस्तंभांच्या वरच्या टोकाला काही दालनांत माणसाचे चेहरे उठावात कोरलेले आहेत, गोल डोकं, साधे डोळे, आणि चेहराही रंगवलेला. आल्तो देल आग्वाकाते या धारेवरच्या एका दालनात चंद्रकोरी आणि पालीसारखे प्राणी आहेत, तसे इतरत्र फारसे दिसत नाहीत.

छताकडे नीट पाहिलं तर खरी गंमत कळते. मधोमध कणा, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या पट्ट्या, पट्ट्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा. हे लाकडी छपराचे वासे आणि आढं रंगवलेलं आहे. खांबही घराच्या खांबांच्या जागी आहेत. वर जमिनीवर जसं घर, तसंच खाली मृतांसाठी. ज्या लाकडी घरांची ही नक्कल आहे ती कधीच कुजून गेली, उरलेत फक्त त्यांच्या सपाटीवरच्या खुणा. त्यामुळे त्या काळचं घर आतून कसं दिसत होतं, हे जाणून घ्यायचं तर थडग्यात उतरावं लागतं. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. भाजे किंवा कार्ले इथल्या चैत्यगृहात कातळाच्या कमानीखाली लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, ज्यांचा भार उचलण्याशी काही संबंध नाही. लाकडी इमारतीची सवय दगडात उतरली आहे. फरक एवढाच की आपल्या लेणेकऱ्याने खरं लाकूड लावलं आणि तिएरादेंत्रोच्या कारागिराने ते रंगाने दाखवलं.

आता वापर. या दालनांना ‘थडगं’ म्हटलं की एक माणूस, एक खड्डा असं डोळ्यासमोर येतं. तसं नाही. इथे दफन दोनदा होत असे. माणूस मेला की त्याला आधी साध्या थडग्यात ठेवत: उभं विवर, तळाशी बाजूला छोटी कपार, सोबत भांडी, पाटा-वरवंटा अशा रोजच्या वस्तू. काही काळाने मांस गळून गेलं की अस्थी बाहेर काढून त्या मोठ्या दालनात हलवत. तिथे त्या मातीच्या कलशांत ठेवत, कलश दालनाच्या जमिनीतल्या खळग्यांत किंवा कोनाड्यात. या कलशांवर टोचून केलेली ठिपक्यांची नक्षी आणि वरून चिकटवलेले साप, सरडे, गोम असे प्राणी दिसतात. म्हणजे रंगवलेली दालनं ही घराण्याची अस्थिघरं होती, पिढ्यानपिढ्या उघडून पुन्हा वापरायची. जिना इतक्या कष्टाने कोरण्याचं कारणही हेच. एकदाच मृतदेह सोडायचा असता तर दोर पुरला असता. जिना हा परत येण्यासाठी असतो.

कलशात दफन हा प्रकार महाराष्ट्राला परका नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव इथे ताम्रपाषाणयुगीन लोक लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. पण त्याचा तिएरादेंत्रोशी संबंध जोडू नये. काळात दीड-दोन हजार वर्षांचं अंतर आहे, मध्ये महासागर आहेत, आणि इनामगावचं दफन पहिलं आणि शेवटचं होतं. मृताला घराजवळ किंवा घरात ठेवावं ही इच्छा अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते.

सोन्याबद्दल हमखास विचारलं जातं. बोगोताच्या सोन्याच्या संग्रहालयात या प्रदेशातला मुखवटा आणि थोडे दागिने आहेत, पण तिएरादेंत्रो हे काही सोन्याने भरलेलं ठिकाण नव्हतं. तरीही गुप्तधनाच्या अफवेने थडग्यांची वाट लावली. कोलंबियात थडगी फोडून विकणाऱ्यांना ग्वाकेरो म्हणतात, आणि संशोधक पोहोचले तोवर बहुतेक दालनं त्यांनी उपसलेली होती. कार्लोस कुएर्वो मार्केस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या भागाची नोंद केली. 1930 च्या दशकात गेओर्ग बुर्ग, होसे पेरेस दे बारादास आणि ग्रेगोरिओ एर्नांदेस दे आल्बा यांनी पद्धतशीर काम केलं, तेव्हाही हातात आलं ते मुख्यतः रिकामं दालन, फुटके कलश आणि रंगवलेल्या भिंती. लुटारू वस्तू नेतो हे नुकसान दिसतं. न दिसणारं नुकसान मोठं: तो थर विस्कटतो. कुठला कलश कुठल्या कोनाड्यात, कुठल्या अस्थींबरोबर, आधी कोणता आणि नंतर कोणता, हे कळण्याचा रस्ता बंद होतो. एकाच दालनात किती पिढ्या आल्या, त्यात आप्त कोण, परके कोण, हे आज हाडांवरून ठरवण्याच्या पद्धती आहेत. पण त्यांना जागच्या जागी असलेली हाडं लागतात. काळ ठरवायलाही तेच. म्हणून शंभराहून जास्त थडगी असूनही खात्रीच्या कालनिश्चिती थोड्या आहेत.

रंग इतकी शतकं टिकला तो दालन बंद होतं म्हणून. हे कळायला बंद दालनाच्या आत काय चालतं ते पाहू. सात मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं, त्या भागाच्या वार्षिक सरासरीइतकं, म्हणजे 18 अंश सेल्सियसच्या आसपास. हवेतली आर्द्रता शंभर टक्क्यांजवळ. खडकात पाणी आहे, पण ते बाहेर पडत नाही, कारण हवा आधीच भरलेली आहे. पाणी हललं नाही की क्षार हलत नाहीत. उजेड नाही म्हणून शेवाळ नाही.

दार उघडलं की ही घडी मोडते. कोरडी हवा आत शिरते, भिंतीतलं पाणी पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि उडून जाताना विरघळलेले क्षार मागे ठेवतं. हे क्षार नेमके पांढऱ्या लेपाच्या मागे स्फटिक होतात, फुगतात आणि रंगाचा पापुद्रा आतून उचलतात. बाहेरून पाहणाऱ्याला आधी पांढरी पिठूळ भुकटी दिसते, मग फुगवटा, मग तो पडतो. ती भुकटी ओल्या फडक्याने पुसणं ही सर्वांत सामान्य चूक. पुसल्यावर क्षार पुन्हा विरघळून आत जातात आणि पुढच्या वेळी आणखी रंग घेऊन बाहेर येतात. सुक्या मऊ ब्रशने, कागदाचा आधार देऊन, सुटलेला पापुद्रा आधी जागेवर बसवून मगच ते काढायचे असतात.

पावसाळ्यात उलटं. बाहेरची दमट गरम हवा गार भिंतीला लागून दव धरते. त्यात माणसं. शांत उभा असलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे 50 ग्रॅम पाणी सोडतो. दहा जणांचा गट दहा मिनिटं आत थांबला तर 80 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या कपाहून थोडं कमी पाणी, पातळ थराने भिंतीवर. एका गटाने काही बिघडत नाही. दिवसात वीस गट गेले आणि हवा बदलायला वेळ मिळाला नाही तर बुरशीला दुसरं काही लागत नाही. दिवे लावले की त्यांच्याभोवती हिरवं शेवाळ येतं. जुन्या पिवळ्या बल्बची उष्णता आणखी वाईट, भिंतीचा तेवढाच भाग सतत सुकतो आणि भिजतो.

तोंडावरचं झाकण हा वेगळाच वाद. उघडं ठेवलं तर जिन्यावरून पाऊस सरळ आत. पूर्ण हवाबंद लोखंडी झाकण लावलं तर त्याच्या खालच्या बाजूला दव साचून ठिबकतं आणि गंज पायऱ्यांवर उतरतो. मधला मार्ग म्हणजे वर छप्पर, त्याच्या पागोळ्या तोंडापासून लांब पडतील इतकी रुंद वळचण, भोवती पाणी वळवणारी चर, आणि झाकणाला हवा खेळण्यापुरती फट. या चरीची साफसफाई कुणी करत नाही, आणि पानं अडकली की ती चरच पाणी आत सोडते. देखभालीचं अंदाजपत्रक करताना हा खर्च क्षुल्लक म्हणून वगळला जातो; माझ्या मते तो सगळ्यात आधी धरावा.

सिमेंटबद्दल एकच सांगतो: लावू नये. भेगेत सिमेंट भरलं की ती जागा टफपेक्षा कठीण आणि पाणी न शोषणारी होते. पाणी मग शेजारच्या मऊ खडकातून वाट काढतं आणि भेग भरलेल्या ठिगळाच्या कडेने नव्याने फुटते. शिवाय सिमेंटमधले विद्राव्य क्षार भिंतीत उतरतात ते वेगळंच. खडकापेक्षा मऊ, चुना किंवा मातीवर आधारलेला आणि पुढे काढून टाकता येईल असा भरणा योग्य.

भूकंप हा तिथला न टळणारा धोका. 6 जून 1994 रोजी याच भागात 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. आधीच्या पावसाने उतार भिजलेले होते, हजारो ठिकाणी दरडी कोसळल्या, पाएस नदीतून चिखलाचा लोंढा आला आणि सुमारे 1,100 माणसं गेली. अशा धक्क्यात जमिनीखालचं दालन वरच्या इमारतीपेक्षा सहसा सुरक्षित असतं, कारण ते खडकाबरोबरच हलतं. खरी अडचण नंतर येते. केसाएवढ्या नव्या चिरा पडतात, त्यांतून पुढच्या पावसात पाणी येतं, आणि छताचा तुकडा काही महिन्यांनी सुटतो. म्हणून भूकंपानंतर लगेचची पाहणी पुरत नाही, एक पूर्ण पावसाळा गेल्यावर तीच चीर पुन्हा मोजावी लागते. काचेची पातळ पट्टी चिरेवर आडवी चिकटवून ठेवायची, हलली तर ती तडकते. जुनी, स्वस्त आणि भरवशाची युक्ती.

जायचं असेल तर. जवळचं मोठं शहर पोपायान, तिथून बसने तोतोरो, इन्सामार्गे चार-पाच तास, घाटरस्ता, दरड पडली की तासांचा हिशेब विसरायचा. बस फाट्यावर सोडते, तिथून गावाच्या वाटेवर मध्येच दोन संग्रहालयं आणि उद्यानाचं तिकीटघर लागतं. आधी संग्रहालयं पाहा. कलश आता तिथे आहेत, थडग्यांत नाहीत. ते न पाहता खाली उतरलात तर रिकाम्या खोल्या पाहिल्यासारखं होईल.

उद्यानातली पाचही ठिकाणं एका फेरीत होतात, सुमारे 14 किलोमीटर चाल, पूर्ण दिवस. फेरी घड्याळाच्या उलट दिशेने करा: सेगोविया, दुएन्दे, ताब्लोन, सान आंद्रेस आणि शेवटी आग्वाकाते, तिथून खाली संग्रहालयाकडे उतार. उलट गेलात तर सकाळीच आग्वाकातेचा खडा चढ अंगावर येतो. वेळ कमी असेल तर सेगोविया सोडू नका. तिथे पाहण्याजोगी थडगी बरीच आणि रंग सर्वांत चांगले आहेत, काही दालनांत विजेचे दिवेही आहेत. दुएन्दे जवळच आहे, पण रंग फिके पडलेत. ताब्लोनला थडगी नाहीत, छपराखाली उभ्या केलेल्या दगडी मूर्ती आहेत, शैली सान आगुस्तीनच्या नात्यातली. दहा मिनिटं पुरतात. आग्वाकातेची थडगी बहुतेक लुटलेली आणि ढासळलेली, तिथे माणसं जातात ती अरुंद धारेवरून दोन्ही बाजूंच्या दऱ्या पाहायला, आणि चंद्रकोरींचं दालन उघडं असेल तर ते पाहायला.

डोक्याला लावायची विजेरी न्या, हात पायऱ्यांसाठी मोकळे हवेत. पिवळसर प्रकाशाची असेल तर लाल रंग नीट उठून दिसतो. प्रकाश भिंतीवर समोरून मारू नका, बाजूने तिरपा टाका. खरवडल्याचे हत्याराचे घाव आणि उठावातले चेहरे तेव्हाच दिसतात. फ्लॅश वापरू नये, आणि पाठपिशवी वरच ठेवून उतरावं. कोनाड्यापाशी मागे सरकताना पिशवीची चेन भिंतीला घासते आणि पांढरा लेप खपलीसारखा निघतो, अशा आडव्या ओरखड्यांच्या खुणा कमरेच्या उंचीवर अशा जागी नेहमी दिसतात. गुडघे किंवा चक्कर यांचा त्रास असणाऱ्यांनी खोल जिने टाळावेत. उतरण्यापेक्षा चढताना जास्त अडचण होते. गाव समुद्रसपाटीपासून 1,700 मीटरच्या वर आहे, विरळ हवेचा त्रास फारसा नाही, पण दुपारनंतर पाऊस येतो आणि वाटा निसरड्या होतात. सकाळी लवकर निघा.

भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट निघण्याआधी उरकावी. कोलंबिया पीतज्वराच्या देशांत मोडतो, त्यामुळे परतताना भारतीय विमानतळावर लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरलं जातं आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबई-पुण्यात ही लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच आणि ठरलेल्या वारी मिळते, तेव्हा विमानाच्या तिकिटाबरोबरच तिची वेळ घेऊन ठेवा.